परसातलं पक्षीघर : अहमदाबादचा पिंजरा ते तळ्याची जाळी

आजचं टिपण आम्ही दोघा नवरा-बायकोनं मिळून केलंय. बोलणार एकजण आहे, पण बोलताना 'आम्ही' म्हणू. कारण सोपं आहे, खड्डे दोघांनी खणले. आणि चुकाही दोघांनीच केल्या, त्या पुढे येतीलच.

विषय ऐकून काहींनी कपाळाला आठ्या घातल्याचं कळलं. 'गडकिल्ल्यांवर बोलायचं सोडून हे पक्ष्यांच्या पिंजऱ्यावर काय बोलणार?' तक्रार रास्त आहे. १६६५च्या पुरंदरच्या तहानंतर महाराजांकडे जे मोजके किल्ले राहिले, त्यांत आपल्या तळगडाचं नाव आहे, आणि त्यावर बोलणारे जाणकार इथेच समोर बसलेत. पण पिंजऱ्यालाही इतिहास असतो, तोही आपल्याच बाजूचा. आम्हाला तो शोधावा लागला, कारण आमच्या घरात एक पिंजरा आपणहून आला.

झालं असं. काही वर्षांपूर्वी एक नातलग शहरातून येताना आईसाठी पक्षी घेऊन आले. चपातीच्या डब्याएवढा पिंजरा, त्यात सहा चिमुकले हिरवेगार पक्षी. विकणाऱ्यानं सांगितलं होतं की परदेशी जात आहे, कायद्याची काही अडचण नाही. आईला फार आनंद झाला. तिनं पिंजरा पडवीत टांगला आणि दुपारी ताटलीत पाणी ठेवलं. पक्षी आंघोळीला उतरले, आणि पाणी हिरवं झालं. पंखांखालून निघाला आपला रोजचा तपकिरी रंग. त्या ठिपकेवाल्या मनोल्या होत्या, म्हणजे भाताच्या खाचरात भादव्यात थव्यानं बसतात त्याच. रंगवून विकल्या होत्या. दोन त्याच आठवड्यात मेल्या. उरलेल्या चार आम्ही वनखात्याकडे दिल्या. ज्या पाखरांना आपण शेतात 'हो-हो' करून हाकलतो, त्यांनाच रंग फासून आपल्याला पैशानं विकलं, हे आईला काही केल्या पटेना. रिकामा पिंजरा तिनं महिनाभर तसाच टांगून ठेवला होता.

तिथून आम्ही वाचायला लागलो.

पहिलं हाती लागलं ते एक नाव. मनोल्यांच्या कुळातली सर्वांत देखणी म्हणजे लाल मुनिया. पावसाळ्यात नर गुंजेसारखा लाल होतो, अंगावर पांढरे ठिपके, आणि विणीचा हंगाम सरला की पुन्हा मातकट. तिचं शास्त्रीय नाव 'अमांदावा', लिनियसनं १७५८मध्ये दिलेलं. हा शब्द लॅटिन नाही, ग्रीकही नाही. तो आहे अहमदाबाद! तिथून हे पक्षी व्यापाऱ्यांच्या हाती पडत, पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांतून बाहेर जात, आणि फिरंग्यांच्या तोंडी 'अमदावाद'चं 'अवदावत' झालं. पक्ष्याला गाव चिकटलं. तेही तो जिथे राहतो ते नव्हे, जिथे विकला गेला ते.

जॉन फ्रायर नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर १६७०च्या दशकात सुरत-मुंबई भागात होता. १६७४मध्ये हेन्री ऑक्झिंडेन राज्याभिषेकाला रायगडावर गेला, त्याची हकिगत फ्रायरच्या पुस्तकात आहे, म्हणून इतिहासवाल्यांना तो माहीत असतो. त्याच पुस्तकात अहमदाबादहून येणाऱ्या छोट्या पक्ष्यांबद्दलही काही ओळी आहेत. गोवराच्या पुळ्यांएवढे लाल-पांढरे ठिपके असलेले पक्षी, एका पिंजऱ्यात पन्नास, एकानं सूर धरला की बाकीचे साथ देतात, अशा अर्थाचं तो लिहितो. डॉक्टरला उपमा सुचली तीही रोगाची! पण आम्ही थबकलो ते 'पन्नास' या आकड्याशी. आमच्याकडे आले ते सहा. साडेतीनशे वर्षांत पिंजऱ्यामागचा हिशेब काही बदलला नव्हता. पक्षी लहान, खायला मूठभर दाणे, मेले तर आणखी आणता येतात.

पक्षीघर, म्हणजे ज्यात माणूस शिरू शकतो आणि पक्षी उडू शकतो अशी मोठी जाळीची जागा, ही वेगळी गोष्ट आहे. तिचं आम्हाला सापडलेलं सगळ्यात तपशीलवार जुनं वर्णन रोममधलं. व्हॅरो नावाच्या पंडितानं इसवी सनापूर्वी ३७मध्ये, वयाच्या ऐंशीच्या घरात, शेतीवर ग्रंथ लिहिला. त्याच्या तिसऱ्या भागात दोन प्रकारची पक्षीघरं आहेत. एक नफ्याचं. त्यात खाण्यासाठी कस्तूर जातीचे पक्षी पोसायचे. दारं-खिडक्यांभोवती गुळगुळीत गिलावा, म्हणजे उंदीर आत शिरू नये. उजेड बेताचा, दाणापाणी आणि बसायची काठी दिसेल इतकाच. आणि खिडक्यांबाबत त्याची एक सूचना आहे, ती वाचून आम्ही पुस्तक खाली ठेवलं. खिडक्या थोड्या ठेवा, आणि त्यांतून बाहेरची झाडं किंवा बाहेरचे पक्षी दिसता कामा नयेत. कारण ते दिसले की आतले पक्षी झुरतात आणि वजन घटतं.

दुसरं पक्षीघर हौसेचं, व्हॅरोचं स्वतःचं, कासिनमजवळच्या त्याच्या मळ्यात. तिथे त्यानं नेमकं उलट केलं. एक गोल घुमटी, खांबांच्या दोन ओळी, आणि बाहेरच्या खांबांमध्ये भिंतीऐवजी जाळी, अशासाठी की आतून पलीकडचं रान दिसावं पण पक्षी पार होऊ नये. आत नाइटिंगेलसारखे गाणारे पक्षी. म्हणजे बघा, खायच्या पक्ष्याला झाड दिसू द्यायचं नाही आणि ऐकायच्या पक्ष्याला दिसू द्यायचं. हे दोन्ही एकाच माणसानं एकाच प्रकरणात लिहिलंय. (लुकुल्लस नावाच्या त्याच्या समकालीन श्रीमंतानं पक्षीघरातच जेवणघर केलं होतं. ताटात एक पक्षी, डोक्यावर दुसरे. व्हॅरो म्हणतो, बेत फसला, वासामुळे.)

आपल्याकडे काय होतं? राजेरजवाड्यांचे पक्षी मुख्यतः झुंजीचे आणि शिकारीचे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा, बाराव्या शतकातला, त्याच्या 'मानसोल्लासा'त राजाच्या करमणुकीची प्रकरणं आहेत. लाव्यांच्या झुंजी, कोंबड्यांच्या झुंजी, ससाण्याची शिकार सगळं आहे. मराठी बायका कांडताना ओव्या म्हणतात, हा प्रसिद्ध उल्लेखही त्याच ग्रंथातला. अकबराच्या कबुतरांची वर्णनं 'आईन-ए-अकबरी'त आहेत. पुण्यात पर्वतीजवळ सवाई माधवरावांचा शिकारखाना होता. पण बागेत जाळी लावून, झाडं लावून, पाच-सहा जातींची छोटी पाखरं एकत्र नांदवायची ही कल्पना आपल्या जुन्या मराठी लिखाणात आम्हाला भेटली नाही. भेटतो तो पारधी.

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातला नळीवरचा पोपट तुम्हाला आठवत असेल. पोपट नळीवर बसतो, त्याच्या वजनानं नळी फिरते, तो उलटा लटकतो, आणि पाय मोकळे असूनही नळी घट्ट धरून ठेवतो. कीर्तनात आपण तो दृष्टांत म्हणून ऐकतो. आम्ही त्याकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं. श्रोत्याला समजावी म्हणून कवी जी उपमा घेतो, ती श्रोत्यानं पाहिलेली असते. १२९०मध्ये पोपट पकडायची युक्ती श्रोत्यांच्या इतकी ओळखीची होती, की तिच्यावर आत्मज्ञान उभं करता आलं. फासेपारध्यांच्या नावातच फास आहे. तितर, लावे धरण्याची त्यांची विद्या पिढ्यान्‌पिढ्यांची. इंग्रजांच्या १८७१च्या कायद्यानं अशा कितीतरी जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. पुढे वन्यजीव कायदा आला आणि त्यांचा धंदा गेला. पक्ष्यांच्या बाजूनं उभं राहताना ही माणसंही त्या गोष्टीत आहेत, हे आम्ही विसरू शकत नाही. पिंजरे विकत घेणारे मात्र बहुतेक आपल्यासारखेच होते, पडवीत टांगणारे.

आता जाळी. बागेतलं पक्षीघर सामान्य माणसाच्या आवाक्यात आलं ते कुणा पक्षीप्रेमीमुळे नव्हे, एका लोहाराच्या धंद्यामुळे. इंग्लंडमध्ये नॉरिच हे कापड विणणाऱ्यांचं गाव. तिथल्या चार्ल्स बर्नार्डनं १८४४मध्ये मागाच्या धर्तीवर तारेची जाळी विणणारं यंत्र काढलं. त्याच सुमारास लोखंडावर जस्ताचा मुलामा द्यायची रीत रुळत होती. आधी हातानं विणलेली महागडी जाळी राजाच्या बागेत, आता गुंडाळीनं मिळणारी जाळी कारकुनाच्या परसात. आणि माल पुरवायला जग उघडलेलं होतंच. जॉन गोल्डनं १८४०मध्ये ऑस्ट्रेलियातून जिवंत बजरीगर इंग्लंडला नेले. तिथलीच झेब्रा फिंच पिंजऱ्यात सहज वाढते असं दिसलं. जपानी लोकांनी पांढऱ्या कमरेच्या मनोलीपासून पिढ्यान्‌पिढ्या निवडून एक पाळीव जात केली होती, तिला इंग्रजांनी 'बेंगलीज' म्हटलं. बंगालशी तिचा काही संबंध नाही. पुन्हा चुकीचं गाव! पण ज्या मनोलीपासून ती झाली, ती आपल्या सह्याद्रीतही आहे.

मुंबईत याच काळात दोन जागा उभ्या राहिल्या. भायखळ्याची राणीची बाग १८६२मध्ये खुली झाली. मूळची ती झाडांची बाग. १८७३मध्ये ती नगरपालिकेकडे आली आणि १८९०मध्ये प्राण्यांसाठी जागा वाढवली. तिथेच २०२०च्या जानेवारीत लोकांना आत फिरता येईल असं भलं मोठं पक्षीघर सुरू झालं. मुलांना घेऊन जाऊन या, धबधबा वगैरे आहे, पण आमचं सांगणं एवढंच की तिथे झाडांकडे बघा, कुठलं कुठे लावलंय ते. दुसरी जागा १८६९चं क्रॉफर्ड मार्केट. फळं, मटण, आणि मागे जिवंत पक्ष्यांचा बाजार. सलीम अलींनी आत्मचरित्रात लहानपण सांगितलंय, त्यात खाण्यासाठी आणलेल्या जिवंत तितर-लाव्यांपैकी काही वाचवून पाळल्याची हकिगत आहे. आपल्या या थोर पक्षीतज्ज्ञाची सुरुवातही हौशी पाळणाऱ्याचीच. कलकत्त्याच्या संग्रहालयातल्या फ्रँक फिननं तर १९०६च्या सुमारास भारतातल्या बागेतल्या आणि पक्षीघरातल्या पक्ष्यांवर आख्खं पुस्तक लिहिलं. बाग आणि पिंजरा एकाच दमात. तेव्हा त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

मग किहीम. आपल्या जिल्ह्यातलं, अलिबागच्या वरचं. १९३०मध्ये सलीम अली जर्मनीहून शिकून आले, नोकरी नव्हती, म्हणून पत्नी तेहमिनांसह किहीमच्या घरी राहायला आले. घराजवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती. पावसाळाभर त्यांनी शिडीवर आडोसा करून त्यात बसून ती पाहिली. सुगरण हा भारतात शतकानुशतकं पाळला गेलेला पक्षी. खेळवाले त्याला नाणं झेलायला, मणी ओवायला शिकवत. म्हणजे माणसाच्या हातावर तो कित्येक पिढ्या होता. आणि तरी त्याच्या संसाराची खरी रीत नीट कळली ती या पावसाळ्यात. नर अर्धं घरटं बांधतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तर राहते, मग तो घरटं पुरं करतो, आणि लगेच दुसरं बांधायला घेतो दुसरीसाठी. हे लेखन पुढच्या वर्षी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आलं. हातावर नाणं झेलणाऱ्या सुगरणीकडून हे कुणाला कळणार होतं? त्यासाठी पक्ष्याला त्याचं झाड, त्याचा पाऊस आणि त्याचे शेजारी हवे होते.

आम्ही पक्षीघर बांधायला बसलो तेव्हा हे एक वाक्य कागदावर वर लिहून ठेवलं होतं : झाड, पाऊस, शेजारी.

पण आधी कायदा. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा, आणि त्यातली १९९१ची दुरुस्ती. तेव्हापासून देशी पक्ष्यांचा व्यापार बंद. मनोली, लाल मुनिया, सुगरण, पोपट, यांतलं काहीही घरात ठेवायचं नाही. 'आमच्या आजीकडे पोपट होता' हे उत्तर चालत नाही. आजीच्या काळी चालत होतं. परदेशी, पिंजऱ्यातच वाढलेल्या जाती ठेवता येतात. पण २०२२च्या दुरुस्तीनंतर त्यांतल्या आंतरराष्ट्रीय करारातल्या जातींची नोंद सरकारकडे करावी लागते, २०२४च्या नियमांनुसार 'परिवेश' पोर्टलवर. उदाहरणार्थ जावा चिमणी. झेब्रा फिंच, बेंगलीज त्या यादीत नाहीत. गुजरात उच्च न्यायालयानं २०११मध्ये आणि दिल्ली उच्च न्यायालयानं २०१५मध्ये, पक्ष्यांना आकाशात उडायचा हक्क आहे असं म्हटलं, हेही आम्हाला माहीत आहे. आमच्या घरात त्यावर वाद झाला. मुलगी म्हणाली, 'मग बांधताच कशाला?' आई म्हणाली, 'मला बघायला हवेत.' दोघींचं खरं होतं. शेवटी ठरलं ते असं की ज्याला सोडून देणं म्हणजे मारणं, असेच पक्षी ठेवायचे. दीडशे वर्षं पिंजऱ्यात वाढलेली ऑस्ट्रेलियाची फिंच तळ्याच्या पावसात बाहेर सोडली तर चार दिवस जगणार नाही. हे उत्तर पुरेसं आहे का? मुलीला अजून वाटत नाही.

आता बांधकाम. इथे जरा रेंगाळतो, कारण प्रश्न यावरच येतात.

पुस्तकांतली पक्षीघरं बहुतेक इंग्लंडची. तिथला शत्रू थंडी. म्हणून ती म्हणतात, उघडी बाजू दक्षिणेला ठेवा, ऊन येऊ द्या. आम्ही शहाण्यासारखं ते ऐकलं. दक्षिण आणि पश्चिम दोन्ही बाजू जाळीच्या ठेवल्या, डोंगर दिसावा म्हणून. जुलैत नैर्ऋत्येचा वारा सुटला. आपल्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर, आणि तो उभा पडत नाही, आडवा येतो. तीन रात्रींत सात पक्षी गेले. पाण्यानं नव्हे, ओल्या वाऱ्यानं. सकाळी आई ते पदरात घेऊन बसली होती. त्या दिवशी ती आम्हाला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

आपले जुने लोक घराच्या पावसाच्या अंगाला झापांचा आडोसा का बांधत, हे रोज डोळ्यांसमोर असताना आम्ही इंग्लंडचं पुस्तक वाचत होतो!

दुसऱ्या वर्षी सगळं मोडून पुन्हा केलं. १८ फूट लांब, ९ फूट रुंद, कडेला ७ आणि मध्ये ९ फूट उंच. लांबी महत्त्वाची, कारण ही पाखरं आडवी उडतात. उंच आणि अरुंद पिंजरा माणसाला छान दिसतो, पाखराला निरुपयोगी. जांभ्या चिऱ्याचं दीड फुटाचं जोतं. पश्चिम आणि दक्षिण बाजूला चिऱ्याची पूर्ण भिंत, उघडी जाळी पूर्व-उत्तरेला. छपराचा निम्मा भाग पत्र्याचा आणि वर गवत, निम्मा जाळीचा, म्हणजे ज्याला भिजायचंय तो भिजेल आणि ज्याला नाही तो आत जाईल. पहिल्या सरीला सगळी बाहेर येऊन पंख पसरून बसतात, ते बघण्यासारखं असतं. पागोळ्यांचं पाणी बाहेर पडेल असा उतार.

जाळी अर्ध्या इंचाची, जोडकाम केलेली. एक इंचातून उंदीर आत येतो. आणि उंदरामागे धामण येते. जोत्याखाली जाळी दोन फूट जमिनीत, आणि तिचं टोक बाहेरच्या अंगाला वळवलेलं, कारण मुंगूस कडेला येऊन खणतं आणि तिथेच अडतं. नव्या जाळीवर जस्ताचे कण असतात, पाखरं जाळी चोचीनं चाटतात आणि विषबाधा होते. म्हणून जाळी व्हिनेगरनं घासून, धुऊन, महिनाभर उन्हापावसात ठेवली. व्हॅरोच्या गुळगुळीत गिलाव्याची युक्ती आम्ही तशीच उचलली. जोत्याच्या बाहेरून फूटभर पट्टा घोटून गुळगुळीत केलाय, त्यावर उंदीर खरंच घसरतो. दोन हजार वर्षांपूर्वीची सूचना, फुकट. आणि दाराला देवडी हवीच. बाहेरचं दार लावल्याशिवाय आतलं उघडायचं नाही. गडाच्या देवडीत शत्रूला कोंडत, इथे आपण पाखराला थोपवतो.

मग लागवड. शेजारच्या कुडा लेण्यांत शिलालेख आहेत, महाभोजांच्या घराण्याच्या माणसांनी दिलेल्या दानांचे. त्यांतच एका माळ्याचं, लेखातल्या शब्दांत 'मालाकारा'चं, दान आहे. राजघराण्याच्या ओळीत माळी. आमच्या कामातही खरा धनी माळीच निघाला. भिंत, जाळी वगैरे सहा आठवड्यांत उभी राहिली. झाडं जमायला दोन वर्षं गेली.

पहिली गोष्ट, काय लावायचं नाही. कण्हेर नाही, विषारी. घाणेरी नाही, तिची कच्ची फळं वाईट. चिकाची झाडं टाळली. आणि बजरीगर किंवा लव्हबर्ड ठेवणार असाल तर लागवड विसरा, आठ दिवसांत सगळ्याच्या काड्या होतात. शिवाय बजरीगर छोट्या पाखरांचे पाय चावतात. मिश्र पक्षीघर म्हणजे कुणालाही कुणाबरोबर ठेवणं नव्हे. आमच्याकडे झेब्रा फिंच, बेंगलीज आणि जमिनीवर चालायला डायमंड डव्हची एक जोडी. तिघांच्या जागा वेगळ्या : एक मधल्या फांद्यांवर, एक दाट झुडपात, एक खाली. भांडण जागेचं असतं, म्हणून जागाच तीन मजल्यांची केली.

लावलं ते असं. कोपऱ्यात कढीपत्ता, मध्ये जास्वंद आणि अडुळसा, भिंतीकडे ठेंगणा बांबू. जाळीच्या छपराखाली वाळा आणि गवती चहा, दाट बुंध्यांचे, लपायला. मातीच्या दोन पट्ट्या मोकळ्या ठेवल्यात. त्यांत राळा, नाचणी आणि वरी आलटून पालटून पेरतो. एका पट्टीवर पाखरं, दुसरीवर झाकण, तोवर ती उगवते. हिरव्या कणसातलं दुधाळ दाणं खाताना त्यांचा जो गोंगाट चालतो, तो कोरडा दाणा ताटलीत ठेवून कधी ऐकू येत नाही. नाचणी आणि वरी आपल्याच वरकस जमिनीतली पिकं. आज आम्ही बियाणं दुकानातून पिशवीत आणतो, हे सांगतानाही जरा लाज वाटते. घरट्यांना नारळाच्या करवंट्या आणि छोटी मडकी, सगळी एकाच उंचीवर आणि जोड्यांपेक्षा जास्त, नाहीतर वरच्या मडक्यावरून मारामारी. झेब्रा फिंच इतकी वाढते की वर्षातून सहा महिने मडकी काढून ठेवावी लागतात. हे कुणी आधी सांगत नाही. चुन्यासाठी समुद्रफेस. तो बाजारात विकत मिळतो, पण आपल्या किनाऱ्यावर फुकट पडलेला असतो. दोन-तीन दिवस गोड्या पाण्यात भिजवून खार काढा, वाळवा, तारेनं टांगा.

आणि आता शेजारी. व्हॅरोच्या त्या दोन खिडक्या आमच्या डोक्यातून जात नव्हत्या. झाडं दिसू द्यायची की नाही? आम्ही जाळीच्या बाहेरही तेच लावलं जे आत लावलंय. तोच वाळा, तीच नाचणीची पट्टी, तोच कढीपत्ता. पूर्वेकडून बघितलं की जाळी कुठे आहे ते झटकन कळत नाही. आतली पाखरं झुरतात का? वजन करून बघितलं नाही. पण तिसऱ्या वर्षी भादव्यात बाहेरच्या नाचणीवर मनोल्या उतरल्या. रंग न फासलेल्या. वीस-पंचवीस असतील. त्यांतल्या काही जाळीवर येऊन बसल्या, आणि आतून बेंगलीज तिथेच येऊन बसली, अर्ध्या इंचाच्या अंतरावर. ती जपानात घडलेली, पण मूळची मनोलीच. दोघी बराच वेळ तशाच होत्या. आईनं हातातला चहा गार होऊ दिला.

त्या वर्षी नाचणीचं एक कणीसही हाती लागलं नाही, आतलंही नाही आणि बाहेरचंही नाही.

असो. वेळ संपत आलीय, आणि प्रश्न असतीलच. आधी दोन गोष्टी सांगून ठेवतो. कुणी रंगवलेले किंवा पकडलेले पक्षी आणून दिले तर ते विकत घेऊन 'वाचवू' नका, त्यानं दुसऱ्या दिवशी आणखी सहा रंगतात. वनखात्याचा १९२६ हा नंबर लावा. आणि दुसरं, मागच्या जिन्याखाली कढीपत्त्याची रोपं आणि वाळ्याची ठोंबं ठेवलीत. ज्यांना हवी त्यांनी न्या, मृगाच्या आधी लावली तर धरतात. मनोल्या यायला जाळी लागत नाही, नाचणीची पट्टी मात्र लागते. बियाणं थोडंच आहे, मूठ-मूठ घ्या.

हां, बोला. मागच्या रांगेतल्या काकू, तुमचा हात आधी वर होता.